दिवसाला पाच गुण

सोमवार, ३० सप्टेंबर

आज शिक्षकांच्या बैठकीत मी जरा मोठ्यानेच बोलले. पण चुकीचं काही बोलले नाही.

विषय असा निघाला की मुलांनी गृहपाठ किंवा प्रकल्प उशिरा आणला तर गुण कापावेत की नाही. आमच्या शाळेत प्रत्येकाचा नियम वेगळा आहे, आणि पालक तक्रार करतात. माझा नियम सगळ्या रोम्ब्लोन बेटाला पाठ आहे. एक दिवस उशीर, पाच गुण वजा. दोन दिवस, दहा. एकतीस वर्षं विज्ञान शिकवते आहे, एकदाही बदललेला नाही. मुलांच्या आयांना मीच शिकवलं, त्यांचेही कापले होते.

गणिताचे सर क्रिसांतो उभे राहून म्हणाले, "उशीर मोजायला घड्याळ पुरतं. गुण कशासाठी वापरायचे?" लोक हसले. मी म्हटलं, "सर, तुमच्या वर्गात मुलं आंबे पिकण्याची वाट बघितल्यासारखी प्रकल्प आणतात." तेव्हा आणखी हसले.

मुख्याध्यापिका बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "छान. मग तुम्ही दोघं बसा आणि ऑक्टोबरअखेर मला सगळ्या शाळेसाठी एक नियम लिहून द्या."

बाहेर पडताना सर क्रिसांतो म्हणाले, "मॅम एल्वी, तुम्ही आणि मी एका कागदावर. शाळेचं आता काही खरं नाही." त्यांना यात एवढं आनंदी होण्यासारखं काय वाटलं कोण जाणे.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

नववीचे प्रकल्प घेतले. विषय, आपल्या ओढ्याची वाट: डोंगरावरच्या झऱ्यापासून समुद्रापर्यंत पाणी कसं येतं ते नकाशा काढून दाखवायचं. एक्केचाळीस मुलांपैकी छत्तीस जणांनी आणला. नियमाचा फायदा हा असा दिसतो.

पाच जण राहिले. त्यांत जोव्हलिन रुफोन. मागच्या बाकावर बसते, बोलत नाही. "आणते मॅम," एवढंच म्हणाली. तिच्या नखांत काहीतरी पांढरं होतं. हात धुऊन ये म्हटलं, तर म्हणाली, "धुतलेत मॅम." परत धुवायला पाठवलं. परत आली तेव्हाही पांढरंच होतं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

जोव्हलिन: तीन दिवस. पंधरा गुण गेले.

दुपारी नियमाच्या कागदासाठी सर क्रिसांतोंबरोबर बसले. लिहून काही झालं नाही. त्यांनी केळीच्या पानात बांधलेले सुमान आणले होते. बहिणीने केले आणि जास्त झाले म्हणे. मागच्या मंगळवारीही जास्त झाले होते. मी म्हटलं, "सर, तुम्ही गणित शिकवता ना? घरात माणसं दोन. तांदूळ किती भिजवायचा हा हिशेब बहिणीला शिकवा की." ते म्हणाले, "शिकवतोय मॅम, पण तिच्या डोक्यात शिरत नाही." गोड मात्र छान होते. नारळ ताजा होता.

गुरुवार, १० ऑक्टोबर

वेळेवर आलेले छत्तीस प्रकल्प तपासायला घेतले. दहाव्या प्रकल्पात पाण्याचा बाण उलटा दिसला, समुद्राकडून डोंगराकडे. लाल शाईने सरळ केला. मग बाराव्यात तोच बाण. मग चौदाव्यात. मोजले तर एकोणीस. कोणीतरी एकाने चुकवलं आणि अठरांनी सकाळी शाळेच्या पायऱ्यांवर बसून उतरवलं. एकोणीस नद्या डोंगर चढतायत, आणि सगळ्या अगदी वेळेवर.

नियमाप्रमाणे त्यांचे उशिराचे गुण कापता येत नाहीत. बाणाचे दोन-दोन कापले.

सर क्रिसांतोंना सांगायला नको होतं. हसून हसून त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "एकोणीस नद्या!" म्हणत व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

शनिवार, १२ ऑक्टोबर

तातयना, माझ्या वडिलांना, जाऊन या एकोणतीसला दोन वर्षं होतील. कबरीवर अजून लाकडी क्रूसच आहे. नेनिताचा इलोइलोहून फोन आला होता. "मनांग, या वर्षी तरी दगड बसव गं. एक नोव्हेंबरला आपापल्या मृतांना फुलं वाहायला अख्खं बेट तिथे येतं. संगमरवराच्या बेटावरचा माणूस आणि डोक्याशी लाकूड!" धाकटी बहीण असून मला सुनावते. पण बरोबर बोलली.

म्हणून सकाळी दगडकामाच्या शेडांकडे गेले. लोलो इसको यांची शेड शेवटची, लोक म्हणतात त्यांची अक्षरं सगळ्यांत चांगली. आत धूर असावा तशी पांढरी भुकटी. एक मुलगी तोंडाला फडकं बांधून, गुडघे टेकून एका कबरीच्या दगडावर छिन्नी चालवत होती. तिने मान वर केली आणि छिन्नी लपवली. जोव्हलिन.

"मॅम, सोमवारी नक्की आणते," ती फडक्यातूनच म्हणाली. मी प्रकल्पाचं विचारलंही नव्हतं.

लोलो इसको तिचे आजोबा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. दगड तेच निवडतात, कापतात, घासतात, पण अक्षरं आता तिची. एक नोव्हेंबरच्या आधी साठ दगड द्यायचेत. "पोरीची अक्षरं माझ्यापेक्षा सरळ आहेत," म्हातारा म्हणाला. "पण शाळेत काही येत नाही वाटतं तिला. बाई रागावतात म्हणते."

मी म्हटलं, "त्या बाई मीच."

"असं होय," ते म्हणाले आणि मला स्टूल पुसून दिलं.

तातयचं नाव आणि जन्म, लग्न, मृत्यूच्या तारखा जोव्हलिनने वहीत लिहून घेतल्या. मी जन्मसाल चुकीचं सांगितलं होतं, तिने वय काढून विचारलं, "मॅम, मग ते लग्नात अकरा वर्षांचे होते का?" दुरुस्त केलं. खाली एक ओळ असते, ती काय कोरायची ते बुधवारपर्यंत द्यायचं ठरलं. मी सांगितलं, बुधवार म्हणजे बुधवार. मी तारखेची पक्की आहे.

सोमवार, १४ ऑक्टोबर

जोव्हलिनने प्रकल्प आणला. सात दिवस उशीर.

तो आधी वाचायला नको होता, आधी गुण कापून टाकायला हवे होते. ही मुलगी झऱ्यापासून समुद्रापर्यंत खरोखर चालत गेली आहे. दोरीला गाठी मारून ओढ्याची रुंदी मोजलीय. चार ठिकाणी बाटलीत पाणी भरून ठेवून तळाला किती गाळ बसतो ते बोटांनी मोजलंय. शेडांच्या खाली गाळ पांढरा, वर तपकिरी, आणि पांढऱ्या गाळात खेकडे नाहीत, हे तिने स्वतः लिहिलंय. "इथे मी अर्धा तास बसले, एकही आला नाही." बाण डोंगरावरून खाली.

शंभरातले शहाण्णव. वजा पस्तीस. एकसष्ट. पंच्याहत्तरला पास, म्हणजे नापास.

लिहिलं. नियम सगळ्यांना सारखा. तिने आकडा पाहिला, "ठीक आहे मॅम," म्हणाली, कागद चार घड्या करून दप्तरात ठेवला. रडली नाही, भांडली नाही. मला काहीच वाटलं नाही. पुढच्या तासाला सातवीला पानांचे प्रकार शिकवायचे होते, मी चुकून मुळांचे शिकवले.

बुधवार, १६ ऑक्टोबर

ओळ द्यायची राहिली. दुपारी पाऊस होता आणि शाळेत डॉक्टर आले होते. उद्या.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

तासिका मोकळी होती, ओळ लिहायला बसले. "प्रेमळ पिता" असं लिहिलं आणि खोडलं. सगळ्या दगडांवर तेच असतं. तातय प्रेमळ होतेच, पण त्यांना जे ओळखायचे त्यांच्या डोळ्यांसमोर हे वाचून ते येणार नाहीत.

ते समोरच्या बेटावरून गावात माणसं आणणारी होडी चालवायचे. सकाळची पहिली फेरी साडेसहाची. पण साडेसहाला ती कधीच सुटली नाही. टेकडीवरून कोणी हात हलवत येताना दिसलं की ते इंजिन बंद करून विडी पेटवायचे. "येऊ दे तिला. समुद्र कुठे पळून चाललाय?" मी होडीत गणवेश घालून, दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. मी सातवीत असताना तातय एका बाईसाठी पाऊण तास थांबले, माझं विज्ञानाचं मॉडेल ठरल्या वेळेला पोचलं नाही, गुण कापले गेले, आणि अर्ध्या गुणाने पदक वर्गातल्या कॉन्सेप्सियनला गेलं. मॉडेल ज्वालामुखीचं होतं. मी त्याला खरी राख लावली होती.

हे इथे का लिहिलं कुणास ठाऊक. त्याचा ओळीशी काही संबंध नाही.

सोमवार, २१ ऑक्टोबर

नियमाच्या कागदावरून आज भांडण झालं, पण चांगलं.

सर क्रिसांतो स्वतःच म्हणाले, "मॅम, खरं सांगतो. मी गुण कापत नाही. चाळीसातल्या बाराजणांनी अजून काहीच आणलं नाही. आणणारही नाहीत. सर रागावत नाहीत म्हणून विसरून गेले. माझंही फसलंय."

इतक्या सरळ कबुलीची मला सवय नाही. मग मलाही सांगावं लागलं. माझ्या राहिलेल्या पाचांपैकी जोव्हलिन सोडून चौघांनी काहीच आणलेलं नाही. सकाळी त्यांतल्या एनालिझाला विचारलं, तर म्हणते कशी, "सहाव्या दिवशी पंच्याहत्तरच्या खाली गेलं ना मॅम. आता केलं काय, न केलं काय." बरोबर हिशेब. असा हिशेब तिने परीक्षेत कधी केला नव्हता.

"म्हणजे तुमचा नियम पाच दिवस चालतो," सर म्हणाले.

"आणि तुमचा एकही नाही."

"मग आपण दोघं मिळून पाच दिवसांचे."

मी हसले नाही. नंतर घरी येताना हसले.

बुधवार, २३ ऑक्टोबर

शेडकडे चक्कर मारली. ओळ अजून तयार नाही, पण दगड कसा निवडलाय ते बघायला हवं होतं.

जोव्हलिन माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅम, बुधवार मागचा होता."

लोलो इसको म्हणाले, "तुमचा दगड यादीत खाली गेला, बाई. ज्यांनी वेळेवर सगळं दिलं त्यांचे आधी. तुमचा आता एक तारखेच्या नंतर."

मला वाईट वाटलं, पण चूक माझी होती. मी विचारलं, "उशिराबद्दल काही दंड वगैरे?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेला. "दंड घेऊन मी काय करू? थांबावं लागतंय ते पुरे नाही का? दगड तोच राहणार, अक्षरं तीच राहणार. तुम्ही उशिरा आलात म्हणून तुमच्या बापाच्या नावातलं एक अक्षर कमी कोरू की काय?"

जोव्हलिनने छिन्नी उचलली आणि फार जोरात ठोकायला लागली.

माणूस कारागीर चांगला, पण फटकळ आहे. मास्तरीणबाईंशी असं बोलतात का?

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

जेवताना सर क्रिसांतोंना म्हाताऱ्याचा उद्धटपणा सांगितला. त्यांनी चमचा खाली ठेवला. "मॅम, हे परत सांगा. शब्दाला शब्द."

परत सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मी वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. भात गार झाला.

मग नियम एका तासात लिहून झाला. उशिरा आलेल्या कामाचे गुण कापायचे नाहीत. जसं काम तसे गुण. पण वेळेवर आलेलं आधी तपासायचं, शेरे लिहून परत द्यायचं, आणि त्या मुलांना दुरुस्त करून गुण वाढवायची एक संधी. उशिरा आलेलं गठ्ठ्याच्या तळाशी जाईल. त्याला दुरुस्तीची संधी नाही, वेळ उरणारच नाही. सत्राचा शेवटचा दिवस म्हणजे दार बंद. आणि न आणणाऱ्याच्या मागे आम्ही दर आठवड्याला लागायचं, विसरायचं नाही. हे शेवटचं सरांनी स्वतःसाठी घातलं.

सर म्हणतात कल्पना माझी. मला कुठे सुचली होती? मी तर तक्रार करत होते.

एकतीस वर्षांच्या नियमावर मी स्वतःच्या हाताने रेघ मारली. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. ज्यांचे आधी कापले त्यांचं काय, हा विचार मात्र मनातून गेला नाही. ती मुलं आता चाळिशीची आहेत. त्यांतली एक मला रोज मासे देते.

सोमवार, २८ ऑक्टोबर

मुख्याध्यापिका बाईंनी सही केली. जुन्या गुणांचं काय करायचं ते माझ्यावर सोपवलं. मी जोव्हलिनला बोलावून कागद मागितला. घड्या उलगडून एकसष्ट खोडलं, शहाण्णव लिहिलं. तिने दोन्ही आकडे बघितले.

"मॅम, मग एनालिझाला पण आणू द्या. ती मला विचारत होती, ओढा कुठून धरायचा म्हणून. पण आता काही उपयोग नाही म्हणून गेली नाही."

चौघांनाही सांगितलं, सत्र संपेपर्यंत आणा.

मग हेझेल उभी राहिली. पहिल्या बाकावरची, एकोणिसांत नसलेली. "मॅम, मी ताप असताना रात्रभर बसून वेळेवर आणलं होतं. मग मला काय मिळालं?"

"तुझं मी सगळ्यांत आधी तपासेन."

"ते तर तुम्ही आधीही तपासत होतात. आणि माझ्या प्रकल्पात दुरुस्त करायला काही नव्हतंच."

खरं आहे. म्हटलं, "हेझेल, तुझ्या बाबतीत मला अजून कळलेलं नाही. ताप असेल तर पुढच्या वेळी झोप. तेवढं नक्की सांगते." ती बसली. समाधान झालं नाही तिचं. माझंही पुरतं झालं नाही.

बुधवार, ३० ऑक्टोबर

काल तातयना जाऊन दोन वर्षं झाली. नेनिताशी फोनवर बोलत होते. मी म्हटलं, "मला ओळच सुचत नाही. ते काय करायचे? नुसते थांबायचे."

ती म्हणाली, "मग तेच लिही की."

मी तिच्यावर चिडले. मग फोन ठेवून तेच लिहिलं. "सगळे चढेपर्यंत थांबला." आज शाळा सुटल्यावर शेडमध्ये नेऊन दिलं. जोव्हलिनने अक्षरं मोजली, ओठांतल्या ओठांत वाचलं, आजोबांना वाचून दाखवलं. म्हातारा म्हणाला, "हां. त्याच्या होडीने मीही आलो होतो, लग्नाच्या दिवशी. नवऱ्या मुलासाठी तरी थांबायलाच हवं होतं त्याला." आणि किती वेळ तरी एकटाच हसत बसला.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

सगळं बेट दफनभूमीत. आम्ही लाकडी क्रूसाला फुलं बांधली, मेणबत्त्या लावल्या, चटई टाकून जेवलो. शेजारच्या नव्या दगडांवर जोव्हलिनची अक्षरं ओळखू येतात. तिचा 'र' किंचित पुढे झुकतो. कोणी विचारलं, "एल्वी, दगड नाही अजून?" तर मी सांगितलं, "माझ्यामुळे उशीर झाला." सांगताना काही अडखळलं नाही.

सर क्रिसांतो बहिणीला घेऊन आले. त्यांची माणसं दफनभूमीच्या दुसऱ्या टोकाला आहेत, तरी आमच्या चटईवर दोन तास बसले. बहिणीने मला सांगितलं, "सुमान मी कधीच करत नाही. मला येतच नाहीत. हाच पहाटे उठून करतो." सर एकदम मेणबत्त्या सरळ करायला लागले. बिचाऱ्यांना स्वयंपाक करावा लागतो याची लाज वाटत असावी. मी त्यांना म्हटलं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि मंगळवारी जास्त झाले तर आणा.

शनिवार, ९ नोव्हेंबर

दगड बसवला. हातगाडीवरून आणला, सरांनी सिमेंट कालवलं, निम्मं सदऱ्यावर. गर्दी नव्हती, त्यामुळे निवांतपणे झालं. मी ओळ हाताने चाचपून पाहिली. गार होती.

सोमवार, ११ नोव्हेंबर

नव्या नियमातला पहिला प्रकल्प घेतला. एक्केचाळीसपैकी तीस. मागच्या वेळेपेक्षा सहा कमी.

मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, "म्हणजे फसला का नियम?"

मी म्हटलं, "मागच्या वेळी छत्तीस आले, पण त्यांतले एकोणीस मिळून एकच होता. आज तीस म्हणजे तीस आहेत. मी बघितलेत."

"आणि बाकीचे अकरा कधी येणार?"

"माहीत नाही," मी म्हटलं. एकतीस वर्षांत मी हे शब्द बाईंच्या खोलीत उच्चारले नसावेत.

दुपारी एनालिझा आली. ओढ्याचा जुना प्रकल्प करायचाय, पण आई डोंगरावर एकटीला जाऊ देत नाही. "मॅम, तुम्ही याल का?"

शनिवार, १६ नोव्हेंबर

सकाळी सातला झऱ्याकडे निघालो. एनालिझा, राहिलेल्यांतल्या आणखी दोघी, मी, आणि पुढे जोव्हलिन वाट दाखवायला. हेझेलही आली, तिचा प्रकल्प कधीच झालाय, तरी आली. माझे गुडघे दुखले, पण वर पोचले.

झरा म्हणजे दोन दगडांमधलं परातीएवढं पाणी. मुली वाकून बघत होत्या. एनालिझाने वही उघडली, बाण काढायला पेन्सिल टेकवली आणि थांबली. "मॅम, इथे तर पाणी कुठेच चाललेलं दिसत नाही. बाण कुठे काढू?"

मी म्हटलं, "एक पान टाक."

तिने टाकलं. आम्ही सगळ्या उकिडव्या बसून बघत राहिलो. पान जागच्या जागी होतं. हेझेल म्हणाली, "अडकलंय." जोव्हलिन म्हणाली, "गप्प बस."

मग ते हळूच वळलं, आणि खाली निघालं.